नागपूरच्या उन्हात रबराचं वय

इतवारीच्या बाजारात तुम्ही उभे आहात. साल १८३८, महिना मे. गादीवर तिसरे रघुजी भोसले आहेत, सीताबर्डीची टेकडी इंग्रजांच्या ताब्यात आहे, आणि वरून कोसळतंय ते ऊन मात्र तुमच्या ओळखीचं आहे. दुपारचे दोन वाजलेत. भिंतींच्या पायथ्याशी हातभर रुंद सावली उरलीय आणि सगळा बाजार त्या सावलीतून चाललाय. तुमच्या काखेत घडी घातलेलं एक विलायती कापड आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं १८२३ साली याचं पेटंट घेतलं. कापडाचे दोन थर, आणि मधे नॅफ्थ्यात विरघळवून पसरलेलं रबर. ग्लासगोच्या पावसात यातून पाण्याचा थेंब आत येत नाही. इथं तुम्ही ते उलगडायला जाता आणि घडी सुटतच नाही. जोर लावता तेव्हा कापड फाटतं, बोटांना तांबूस चिकट तारा लागतात आणि नाकात उग्र वास शिरतो.

समोर डिंकाचं दुकान आहे. धावड्याचा, बाभळीचा, सालईचा माल जंगलातून येऊन इथं पोत्यांत पडलाय. म्हातारा दुकानदार तुमच्या बोटावरची तार आपल्या चिमटीत घेतो. आधी वास घेतो. मग दाताखाली धरतो. मग पाण्याच्या गडव्यात टाकतो आणि वाट पाहतो. घाई नाही.

"इरघळत न्हाई," तो म्हणतो. "मंग हा डिंक नोहे. कोन्या झाडाचा हाये?"

समुद्रापलीकडच्या, तुम्ही सांगता. तो तुकडा ताणतो, सोडतो. तुकडा परत येतो. त्याला गंमत वाटते. पुन्हा ताणतो. चार-पाच वेळा झाल्यावर तुकडा लांबलेलाच राहतो, मागं येत नाही. म्हातारा तो तुमच्या तळहातावर परत ठेवतो.

"थकला हा," तो म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो.

वास, पाणी, दात, ताण. रबराच्या मोठ्या प्रयोगशाळेत आज जे चालतं त्याचा गाभा या चार गोष्टींत आला. पदार्थ कशात विरघळतो, किती ताणला जातो, परत येतो का, आणि कितव्यांदा येईनासा होतो.

याच सुमाराला अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाचा कर्जबाजारी माणूस याच दुखण्याशी झुंजतोय. सरकारी टपालासाठी त्यानं केलेल्या रबरी पिशव्या उन्हाळ्यात लिबलिबीत होऊन बसल्या. १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गंधक मिसळलेलं रबर तापल्या शेगडीला लागतं आणि वितळायच्या ऐवजी चिवट होतं. १८४४ साली त्याला पेटंट मिळतं. कच्चं रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा सैल गुंता. उष्णतेत त्या एकमेकींवरून घसरतात. गंधक त्यांच्यामध्ये जागोजाग पूल बांधतो, मग ताणलेला गुंता आपल्या मूळ जागी परतू शकतो. हा शोध लागला म्हणून रबर नागपूरच्या उन्हात टिकू शकलं. पण त्यानं रबराचं वय थांबलं नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्या साखळ्यांवर काम करत राहतात, आणि ऊन जितकं जास्त तितकं ते काम भरभर चालतं. यापुढं तुम्ही जिथं जाल तिथं हीच झटापट दिसेल.

*

आता १९४२. अमरावती रोडवर नागपूर विद्यापीठाची नवी संस्था सुरू झालीय. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणींवर श्रीमंत झालेले, १९३० साली वारले. आपल्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी विद्यापीठाला दिला तो उपयोजित विज्ञान आणि रसायन शिकवण्यासाठी. त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. नागपूरकर तिला एलआयटी म्हणतात. खाणीतून काढलेला पैसा रसायन शिकवायला लावायचा, ही दृष्टी मला फार मोठी वाटते. त्या पैशातून देवळं आणि घाटही बांधता आले असते.

संस्था सुरू झाली ते वर्ष मात्र जगातल्या रबराच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट आहे. १८७६ साली हेन्री विकहॅमनं ब्राझीलमधून रबराच्या झाडाचं सत्तर हजारांच्या आसपास बी लंडनच्या क्यू उद्यानात आणलं. त्यातून उगवलेली रोपं पुढं सिलोन, मलायात गेली, आणि पन्नास-साठ वर्षांत जगाचं बहुतेक रबर आग्नेय आशियातून यायला लागलं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. मलाया गेलं, पाठोपाठ जावा-सुमात्रा गेलं. जगाच्या नैसर्गिक रबराचा नऊ दशांशांच्या घरातला पुरवठा एका झटक्यात जपान्यांच्या हाती गेला.

नागपुरात त्याचा अर्थ काय, ते सीताबर्डीवरच्या सायकलच्या दुकानात कळतं. टायर रेशनवर आहेत. पेट्रोलच्या टंचाईमुळं काही मोटारगाड्या मागं कोळशाची भट्टी लावून लाकडी कोळशाच्या गॅसवर धावताहेत. दुकानासमोर घमेल्यात पाणी, शेजारी सोल्युशनचा डबा, कानस, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे. एक कॉलेजकुमार सायकल टेकवून उभा आहे. टायरच्या आत आधीच दोन गेटर, म्हणजे जुन्या टायरचे ठिगळ, बसवलेले आहेत, तिसरा बसवायचा आहे. तुम्ही उकिडवे बसता आणि दुकानदाराचे हात पाहता.

तो आधी रबरावर अंगठ्याचं नख रोवतो आणि खळगा किती वेळात भरून येतो ते बघतो. मग ट्यूब बोटावर दुमडून घडीच्या पाठीवर चिरा उमटतात का ते उजेडाकडं धरून पाहतो. पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणं सगळ्यात शेवटी.

"भोक मोठं न्हाई," तो त्या पोराला सांगतो, "पन रबर म्हातारं झालं, बाबू. सायकल उनात ठेवतोस ना?"

पोरगा मान डोलावतो. दुकानदाराच्या स्वतःच्या ट्यूबा शंखजिऱ्याची पूड लावून, पत्र्याच्या डब्यात, अंधारात ठेवलेल्या आहेत. ओझोन ताणलेल्या रबरावर आधी हल्ला करतो, त्यामुळं घडीच्या पाठीवर आधी चिरा पडतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. उजेड आणि ऊन टाळलं की ट्यूब टिकते, हे त्याला वर्षानुवर्षांच्या कामातून कळलंय. त्याचं नख खोटं बोलत नाही. अडचण एवढीच की ते नख कामठीला किंवा वर्ध्याला पाठवता येत नाही. त्यानं "मेलं" म्हटलेलं रबर दुसरा "चालंल" म्हणेल, आणि दोघांमध्ये निवाडा करायला काही नसेल.

त्या निवाड्याची साधनं तोवर परदेशात तयार झालेली होती. अल्बर्ट शोअर या अमेरिकी माणसानं नखाच्या जागी एक बोथट सुई आणि स्प्रिंग बसवली. सुई रबरात किती रुतली ते शून्य ते शंभर अशा आकड्यांत तबकडीवर दिसतं. आजही रबराच्या कुठल्याही कारखान्यात "शोअर किती?" असंच विचारतात. मेल्विन मूनी या युनायटेड स्टेट्स रबर कंपनीतल्या शास्त्रज्ञानं १९३४ साली आणखी एक यंत्र मांडलं. शंभर अंशांवर तापवलेल्या बंद पेटीत कच्चं रबर, त्याच्या पोटात खाचांची एक चकती. एक मिनिट तापू द्यायचं, चार मिनिटं चकती फिरवायची, आणि ती फिरवायला किती जोर लागला ते लिहायचं. मलायाचं रबर बंद झाल्यावर अमेरिकेनं कृत्रिम रबराचे कारखाने उभारले. वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकाच जातीचा निघाला पाहिजे होता, नाहीतर टायर कोसळले असते. मूनीचा आकडा त्या सगळ्या कारखान्यांची समाईक भाषा झाला.

*

पुढचा टप्पा ठाणे. नागपूरहून मुंबईकडं जाणाऱ्या मेलमध्ये तुम्ही रात्री बसता आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात उतरता. इथल्या वागळे इस्टेटीत रबर कारखानदारांची संशोधन संस्था आहे. स्थापना १९५९, तेव्हाचं नाव इंडियन रबर मॅन्युफॅक्चरर्स रिसर्च असोसिएशन. कारखानदारांनी एकत्र येऊन चाचणीसाठी संस्था काढावी, याचं मोल मला वाटतं आपल्याकडं पुरेसं ओळखलं गेलं नाही. लहान कारखान्याला स्वतःची यंत्रं परवडत नाहीत. आणि चाचणीशिवाय तयार झालेलं रबर कुणाच्या तरी ब्रेकमध्ये, कुणाच्या तरी शेगडीच्या नळीत जाऊन बसतंच.

साठच्या दशकात जगभरच्या रबर कारखान्यांत ऱ्हिओमीटर आला. तो पाहायला थोडं थांबा. दीडशे-एकशे साठ अंशांवर तापवलेल्या साच्यात गंधक मिसळलेल्या कच्च्या रबराचा पेढ्याएवढा गोळा ठेवतात. आत एक चकती उजवीकडं-डावीकडं अगदी थोडी हलत राहते आणि बाजूला कागदावर पेन एक रेघ काढत जातं. सुरुवातीला रेघ खाली येते, कारण रबर तापून मऊ झालंय. मग काही वेळ ती सपाट चालते. एकाएकी वर वळते. गंधकाचे पूल बांधायला सुरुवात झाली. वर जाऊन ती पुन्हा सपाट होते. नैसर्गिक रबर असेल तर फार वेळ ठेवल्यास हळूहळू खालीही येते, म्हणजे बांधलेले पूल तुटायला लागले. आपल्याकडं पाक एकतारी झाला की लगेच आच काढतात, क्षणभर उशीर झाला तर लाडू बिघडतात. प्रेसवरच्या कामगाराला तो क्षण ही रेघ दाखवते. रेघ वेळेआधी वर वळली तर साचा भरायच्या आतच माल वाया जातो. याला कारखान्यात "स्कॉर्च झालं" म्हणतात, आणि हे दोन शब्द ऐकले की सुपरवायझरचा चेहरा उतरतो.

याच काळात भारताची स्वतःची मानकं छापली जायला लागली. रबराच्या चाचण्यांचं आपलं मानक म्हणजे आयएस ३४००, अनेक भागांत. त्यातली एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा. थंड देशांतल्या प्रयोगशाळांचं प्रमाण तापमान २३ अंश आहे. उष्ण देशांसाठी ते २७ अंश धरलं जातं. चारच अंशांचा फरक आहे, पण आपलं हवामान वेगळं आहे हे त्यात मान्य केलेलं आहे.

*

२०२३ चा उन्हाळा. जागा शिवमडका, नागपूरच्या वेशीवर, जिथून समृद्धी महामार्ग सुरू होतो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. त्यानंतर अपघात वाढले, आणि परिवहन विभागाची माणसं महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासायला उभी राहिली. त्यांच्या हातात टायरच्या खाचेची खोली मोजायची छोटी पट्टी आहे. चारचाकीच्या टायरवर खाच १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की आतली खूण उघडी पडते आणि टायर बाद होतो.

एका गाडीजवळ तुम्ही वाकता. खाचा खोल आहेत, टायर जवळजवळ नवा दिसतो. पण बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे आहेत : २२१८. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २०१८ च्या बाविसाव्या आठवड्यात, मे-जूनच्या सांध्यावर, हा टायर साच्यातून निघाला. गाडी फार चाललेली नाही, ती बहुतेक काळ अंगणात, उघड्यावर उभी होती. पाच उन्हाळे या रबरानं एका जागी सोसले. बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या चिरांची जाळी आहे. ती बोटाला लागत नाही, पण उन्हात तिरकं पाहिलं की दिसते. पट्टीनं हा टायर पास होतो, कारण पट्टीला वय मोजता येत नाही.

आता ही गाडी ताशी १२० किलोमीटरनं जाणार. तिचं चाक सेकंदाला सतराएक वेळा फिरेल आणि प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग एकदा दबून सुटेल. दाबताना दिलेली सगळी ऊर्जा सुटताना परत मिळत नाही, उरलेली उष्णता होऊन रबरातच राहते. हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. बाहेर पंचेचाळीस अंश, खाली तापलेलं काँक्रीट, आणि आत ही स्वतःची उष्णता. वयानं कडक झालेलं रबर अशा वेळी आतल्या धाग्यांपासून सुटायला लागतं.

म्हणून टायर फुटला हे कारण लोकांना पटकन पटतं. आणि म्हणूनच ते तपासून घ्यावं लागतं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. पंचवीस माणसं गेली. टायर फुटल्याचं चालकानं सांगितलं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालानं ते नाकारलं. जागेवर रबराचे तुकडे नव्हते, टायर फुटल्याच्या खुणा नव्हत्या. गेलेल्यांच्या घरच्यांना कारण खरं कळणं हा त्यांचा हक्क आहे, आणि त्या हक्कासाठी रस्त्यावर पडलेलं किंवा न पडलेलं रबर वाचता येणारी माणसं लागतात.

*

आता आजच्या दिवसात या. हिंगण्याच्या एमआयडीसीतली एक रबराची प्रयोगशाळा डोळ्यांपुढं आणा. बाहेर कूलरच्या टपाचं पाणी कढत झालंय. आत एसी आहे आणि भिंतीवरच्या काट्यात २७ अंश. टेबलाशी चाचण्या करणाऱ्या ताई वर्ध्याकडच्या आहेत. काल दुपारी प्रेसमधून निघालेली दोन मिलिमीटर जाडीची काळी पट्टी तुम्ही उचलायला जाता तर त्या हातानं अडवतात.

"घाई कायले करता? सोळा तास झाल्याबिगर ह्याले हात लावत न्हाई आम्ही."

व्हल्कनाइझ झालेल्या, म्हणजे गंधकाचे पूल बांधून झालेल्या रबराला चाचणीआधी किमान सोळा तास विश्रांती द्यावी लागते. ती झाली की डायनं पट्टीतून डंबेल कापतात. लांबी ११५ मिलिमीटर, मधे सहा मिलिमीटर रुंदीची कंबर. ते यंत्राच्या दोन जबड्यांत अडकवतात. वरचा जबडा मिनिटाला ५०० मिलिमीटरच्या वेगानं वर सरकतो. रबर दुप्पट होतं, तिप्पट होतं, चौपट होतं. खोलीतली सगळी माणसं नकळत बोलायची थांबतात. मग टाळी वाजल्यागत आवाज होतो. पडद्यावर दोन आकडे : किती जोरात तुटलं, किती ताणून तुटलं.

ताई मात्र पडद्याकडं न पाहता तुटलेलं तोंड दिव्याखाली धरतात. त्यात एक पांढरा कण दिसतो. मिक्सिंग नीट झालं नाही, भरीची पूड एका जागी राहून गेली, आणि रबर नेमकं तिथूनच तुटलं. स्वस्तात माल काढायचा म्हणून खडूची पूड जास्त कोंबली तर काय होतं तेही त्या तोंडावरून कळतं. आकडा यंत्रानं दिला, कारण डोळ्यानं सापडलं. चांगल्या प्रयोगशाळेत ही दोन्ही कामं एकाच माणसाला येतात.

पलीकडं ड्रमवर एमरी कागद गुंडाळलाय. रबराचा एक गोल तुकडा दहा न्यूटनच्या भारानं त्याच्यावर चाळीस मीटर घासला जातो आणि किती घनमिलिमीटर झिजला ते मोजतात. शेजारच्या यंत्रात खाच पाडलेल्या पट्ट्या मिनिटाला तीनशे वेळा वाकताहेत. काचेच्या पेटीत ताणून बसवलेले तुकडे ओझोनमध्ये आहेत. सीताबर्डीचा तो दुकानदार बोटावर ट्यूब दुमडायचा, तीच परीक्षा.

फोमच्या खोलीत जरा जास्त वेळ द्या. विदर्भाची गादी कापसाची. चार-पाच वर्षांनी ती दबली की पिंजारी दारात यायचा, कापूस पिंजून पुन्हा फुलवायचा, आणि गादी उंचीला परत यायची. फोमला ही सोय नाही. तो दबला की दबला. म्हणून त्याच्या आयुष्याचा सगळा हिशोब विकण्याआधी मांडावा लागतो. रबराच्या चिकाचा फोम डनलॉपच्या माणसांनी १९२९ साली चीक घुसळून केला. आज बाजारातला बहुतेक फोम पॉलियुरेथेनचा आहे, ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत शोधलेल्या रसायनातून निघालेला.

इथं एक गोल तबकडी, सुमारे वीतभर व्यासाची, फोमच्या ठोकळ्यात त्याच्या जाडीच्या ४० टक्के खोल दाबतात, तीस सेकंद थांबतात आणि किती जोर लागतोय ते वाचतात. मग खरी कसोटी. ७५० न्यूटनचा भार, म्हणजे साधारण मोठ्या माणसाचं वजन, मिनिटाला सत्तर वेळा त्याच ठोकळ्यावर पडत राहतो. ऐंशी हजार वेळा. यंत्र एकोणीस तास ठकठकत राहतं. रात्रपाळीच्या शिपायाला त्या आवाजाची इतकी सवय होते की आवाज थांबला तर तो जागा होतो. संपल्यावर जाडी किती गेली आणि टणकपणा किती गेला ते पुन्हा मोजायचं. दुसऱ्या एका चाचणीत फोमचा तुकडा दोन पत्र्यांमध्ये निम्म्या जाडीवर आवळतात, ७० अंशांवर २२ तास ठेवतात, सोडवून अर्धा तास वाट बघतात, आणि तो किती वर आला ते पाहतात. नागपूरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात गादीवर झोपणाऱ्या माणसाच्या सगळ्यात जवळची चाचणी मला हीच वाटते. फोम घेताना दुकानात आपण हातानं दाबून पाहतो. हात फक्त आजचा मऊपणा सांगतो. स्वस्त फोम पहिल्या दिवशी छानच लागतो.

शेवटी कोपऱ्यातला ओव्हन. पोलादी कपाट, आत पंखा, मधे टांगलेली डंबेलं, दारावर आकडे. दिसायला या खोलीतलं सगळ्यात साधं यंत्र हेच, पण तुम्हाला पुढच्या काळात नेऊ शकणारं एकमेव. नेहमीच्या चाचणीत यात रबर ७० अंशांवर सात दिवस ठेवून मुद्दाम म्हातारं करतात.

रसायनात ढोबळ हिशोब आहे, की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. तो धरून ताईंच्या कॅल्क्युलेटरवर आकडे मांडा. २७ अंशांवरून ७० अंशांवर गेलात तर वेग वीसेक पट. म्हणजे ओव्हनमधले सात दिवस २७ अंशांवरच्या साडेचार महिन्यांच्या जवळपास. ऐकायला भरपूर वाटतं. आता २७ च्या जागी ४७ लिहा, नागपूरच्या कडक मे महिन्यातल्या दुपारचा आकडा. वेग उरतो पाचेक पट. तेच सात दिवस आता जेमतेम महिन्याभराचे झाले. ज्या चाचणीला तुम्ही रबराच्या आयुष्याची परीक्षा समजत होतात, ती इथल्या उन्हात एका उन्हाळ्याचीही धड परीक्षा नाही.

अर्थात नागपुरात वर्षभर ४७ अंश नसतात आणि रात्री पारा उतरतो. पण उन्हात उभ्या गाडीचं काळं रबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. दोन्ही बाजू जमेस धरल्या तरी निष्कर्ष बदलत नाही. इथल्या माणसाच्या वाट्याला येणारं रबर लवकर म्हातारं होतं, आणि ते किती लवकर, हे इथंच मोजलं पाहिजे. शहरात रसायनाची विद्यापीठ दर्जाची संस्था आहे, एलआयटी २०२३ पासून लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झालीय. बुटीबोरीत टायरचा कारखाना आहे. उन्हाचा तर तोटाच नाही. विदर्भाच्या उन्हात उघड्यावर मांडलेले रबराचे नमुने आणि ओव्हनमधले नमुने वर्षानुवर्षं शेजारी ठेवून पाहणं हे काम नागपूरनं करायला हवं, कारण त्याची गरज इथं सगळ्यात जास्त आहे.

ताई तुमच्यापुढं अर्ज सरकवतात. नमुना, तापमान, तास. तापमानाच्या रकान्यात सवयीनं ७० छापलेलं आहे. तुम्ही ते खोडून १०० लिहायला जाता, आणि त्या पेन धरतात. एकदम शंभरावर गेलं तर आतली क्रियाच बदलू शकते, उन्हात कधी न होणारी मोडतोड ओव्हनमध्ये व्हायची, आणि मग आकडा चुकीचं सांगायचा. नीट करायचं तर तीन तापमानं घ्यायची, दर काही दिवसांनी एकेक डंबेल काढून तोडायचं, तीन ठिपके एका रेषेत आले तरच रेघ ओढायची आणि ती रेघ खाली ४७ पर्यंत न्यायची.

तुम्ही लिहिता : ७०, ८५, १००.

"तीन ओव्हन लागतीन," ताई म्हणतात, "अन् दीड-दोन महिने. पार्टी थांबन का?"

थांबवा, तुम्ही सांगता, आणि सही करता.